चाकांवरची रोजी आणि तिची हिफाजत

सानपाडा हे नाव इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात येत नाही. ठाण्याच्या खाडीलगतचे आगरी-कोळ्यांचे एक गाव, एवढीच त्याची जुनी ओळख. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले आणि सानपाडाही त्या नकाशात आले. १९८० च्या दशकापासून मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने शेजारच्या तुर्भ्याला हलू लागले. १९९६ मध्ये फळे आणि भाजीपाल्याचा बाजारही तेथे आला. १९९२ मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला पोहोचली व पुढे सानपाड्याहून नेरुळकडे गेली. २००४ मध्ये ठाण्याकडचा रेल्वेमार्गही याच भागाला येऊन मिळाला.

मालाबरोबर माणसेही आली. माथाडी, ट्रकचालक, क्लीनर, बांधकामावरचे मजूर, दुकानांतले नोकर. त्यांना पहाटे चहा हवा होता, दुपारी खिशाला परवडेल असे जेवण हवे होते. सेक्टरवार आखलेल्या शहरात त्यांच्या भुकेची सोय केली ती हातगाडीने. वडापाव, भुर्जी-पाव, बिर्याणी, चायनीज, उसाचा रस. जे काही चाकांवर ढकलता येते ते सारे रस्त्यावर आले. या धंद्यात मराठी हिंदू आहेत, उत्तरेकडचे भय्ये आहेत आणि आपली माणसेही आहेत. आमच्यासारख्या उर्दू शाळेतील शिक्षकांना हे वेगळे सांगावे लागत नाही. दाखल्याच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायासमोर 'ठेला' हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत.

ज्या घराची चूल अशा ठेल्यावर चालते, त्या घरात सुरक्षितता हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. एक, आगीपासून आणि नासलेल्या अन्नापासून. दोन, महापालिकेच्या 'गाडी'पासून. तीन, गर्दीच्या रागापासून. या तिन्हींचा इतिहास वेगवेगळा सांगितला जातो. वास्तविक तो एकच आहे, असे आम्हांला वाटते.

मुहतसिबाचा वारसा

रस्त्यावर शिजणाऱ्या अन्नाची तपासणी ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणारे आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावणारे हुजूर पैगंबर (स.) यांचे उदाहरण आपल्या घराघरांत सांगितले जाते. हजरत उमर (र.) यांच्या काळात मदिनेच्या बाजारावर देखरेख करण्याचे काम शिफा बिन्त अब्दुल्लाह या लिहित्या-वाचत्या स्त्रीकडे होते, असे परंपरा सांगते.

पुढे या कामाला 'हिस्बा' आणि ते करणाऱ्या अधिकाऱ्याला 'मुहतसिब' असे नाव मिळाले. बाराव्या शतकात शाम देशातील अश-शैजरी याने मुहतसिबासाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात नानबाई, तळणारे, स्वयंपाकी अशा एकेका धंद्याचे नियम आहेत. कणीक तिंबणाऱ्याने तोंडावर कापड बांधावे, घाम पिठात पडू नये म्हणून कपाळाला पट्टी लावावी, माश्या हाकलायला जवळ माणूस ठेवावा. स्वयंपाक्याने भांडी झाकून ठेवावीत आणि ती गरम पाण्याने स्वच्छ धुवावीत. आठशे वर्षांपूर्वीचे हे नियम आजच्या अन्न निरीक्षकाच्या यादीतही शोभतील.

हिंदुस्थानातही ही व्यवस्था आली. अल्लाउद्दीन खिलजीच्या बाजारावर 'शहना-ए-मंडी' होता, औरंगजेबाने १६५९ मध्ये मुहतसिबाचे पद पुन्हा उभे केले. दुर्दैवाने उर्दू गझलेने मुहतसिबाला केवळ शराबखान्याचा दुश्मन म्हणून रंगवले आणि त्याचे बाजारातले मूळ काम लोक विसरून गेले. ठेलेवाल्याचे भांडे स्वच्छ आहे की नाही हे पाहणे म्हणजे त्याला छळणे नव्हे, ही जाण आपल्या परंपरेत पूर्वीपासून होती.

स्वतंत्र भारतात १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आला. त्याचा भर भेसळ पकडून शिक्षा करण्यावर होता. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि दृष्टी बदलली. त्याच्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्यांसाठी १०० रुपये वार्षिक शुल्कात साधी नोंदणी ठेवली. हातगाडीवालाही त्यात आला. डिसेंबर २०१६ मध्ये वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ देऊ नयेत, असा इशारा देण्यात आला, कारण छपाईची शाई तेलाबरोबर पोटात जाते. २०१८ मध्ये तळणीच्या तेलासाठीही मर्यादा ठरली. तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल टाकूनच द्यायचे.

हे नियम कागदावरचे वाटतात, पण त्यांची किंमत माणसाच्या जिवाने मोजली जाते. मे २०२४ मध्ये खाडीपलीकडे, मानखुर्द-ट्रॉम्बे भागात, ठेल्यावरचे चिकन शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला आणि विक्रेत्यांना अटक झाली. मुंबईच्या उन्हाळ्यात मांस तासन् तास शेगडीसमोर कोमट राहिले तर त्यात जंतू झपाट्याने वाढतात. बाहेरचा थर भाजलेला दिसतो, आतला कच्चा असतो. एका घरचा मुलगा गेला, दुसऱ्या घरांचे कमावते हात तुरुंगात गेले.

आगीचेही तसेच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये कुर्ल्यातील एका हॉटेलात गॅसचा भडका उडून आठ जण दगावले. हॉटेलात जे घडते ते ठेल्यावर अधिक सहज घडू शकते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला की वर उडून जात नाही, खाली साचतो. आपल्या हातगाडीत सिलिंडर शेगडीखालच्या बंद कप्प्यात असतो. पावसाळ्यात भोवती ताडपत्री गुंडाळली की तो कप्पा म्हणजे गॅसची पेटीच होते. कप्प्याच्या तळाशी भोके पाडणे, सिलिंडर उभाच ठेवणे, तडकलेली नळी दोऱ्याने बांधून न चालवता बदलणे, गाडी ढकलण्याआधी रेग्युलेटर बंद करणे, पेटलेल्या तेलावर पाणी न ओतता झाकण ठेवणे. यांतल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च येत नाही.

परवाना आणि गाडी

मग हे होत का नाही? केवळ अज्ञानामुळे, असे म्हणणे सोपे आहे. उत्तर दुसऱ्या इतिहासात आहे.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातील कलम ३१४ आयुक्तांना रस्त्यावरचा माल पूर्वसूचनेशिवाय हटवण्याचा अधिकार देते. नवी मुंबईला लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यातही तसाच अधिकार आहे. मुंबईत १९७८ च्या सुमारास नवे परवाने देणे जवळजवळ थांबले. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९८ मध्ये केलेल्या गणनेत महापालिकेच्या जागांवर सुमारे १ लाख २ हजार फेरीवाले आढळले. परवानाधारक होते सुमारे १५ हजार. उरलेले सारे कायद्याच्या नजरेत गुन्हेगार, आणि म्हणून हप्त्याचे कायमचे धनी.

न्यायालयांनी या प्रश्नाला हळूहळू वाट करून दिली. १९८५ मध्ये ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर व्यापार करणे हा व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतील, असे म्हटले. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात २००३ मध्ये ज्या अटी आल्या, त्यांत रस्त्यावर अन्न शिजवण्यास मनाई होती. म्हणजे खाद्यविक्रेत्याची अवस्था फेरीवाल्यांतही सर्वांत कच्ची राहिली.

१ मे २०१४ पासून पथविक्रेता कायदा लागू झाला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेणे, विक्री प्रमाणपत्र, आणि किमान ४० टक्के निवडून आलेले विक्रेते असलेली नगर पथविक्रेता समिती; त्या ४० टक्क्यांत एक तृतीयांश स्त्रिया. एका जागी बसणारा आणि फिरता असे दोन्ही प्रकारचे विक्रेते या कायद्याने ओळखले. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवू नये, असे तो सांगतो. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत करावा लागतो. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या सुमारे ११ लाख २० हजार होती. अडीच टक्के म्हणजे २८ हजार माणसे. एवढी कुटुंबे कायद्याच्या छपराखाली येऊ शकतात.

रेल्वे स्थानकाजवळच्या धंद्यावर मात्र बंधने आहेत, आणि त्यांना कारण आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरपर्यंत फेरीवाल्यांना मनाई कायम ठेवली. ही मर्यादा पाळणे आपल्याही हिताचे आहे. त्या पुलावर मेलेल्यांत ठेल्यावर वडापाव खाणारेच लोक होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याच्याकडे कागद नाही, त्याला व्यावसायिक सिलिंडरची जोडणी मिळवणे कठीण. तो घरचा १४.२ किलोचा सिलिंडर आणतो किंवा काळ्या बाजारातून घेतो. धंद्यासाठी घरगुती सिलिंडर वापरणे गुन्हा आहे, हे त्याला माहीत असते. ज्याची जागा नक्की नाही त्याला पाण्याचा नळ नाही, म्हणून एकाच बादलीत सगळ्या प्लेटा. आणि 'गाडी आली' अशी हाक उठली की तो पेटती शेगडी आणि उकळत्या तेलाची कढई घेऊन गर्दीतून धावतो. त्या क्षणी त्याच्याइतका धोका त्याला स्वतःला आणि रस्त्यावरच्या मुलाबाळांना दुसरा कोणाचा नसतो. पहिल्या प्रकारची असुरक्षितता दुसऱ्या प्रकारातून अशी जन्मते.

याचा अर्थ महापालिकेचा कर्मचारी शत्रू आहे असा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यात कारवाईच्या वेळी एका फेरीवाल्याने महिला सहायक आयुक्तांच्या हाताची बोटे तोडली. अशा कृत्याला कोणत्याही गरिबीची सबब चालत नाही. त्या एका वाराने हजारो प्रामाणिक ठेलेवाल्यांची बाजू दुबळी झाली.

नावाचा प्रश्न

तिसरी असुरक्षितता ही विशेषतः आपली आहे. ९ जानेवारी १९९३ रोजी मुंबईच्या सुलेमान उस्मान बेकरीवर पोलिसांनी गोळीबार केला. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्याची नोंद आहे. शहराला पाव पुरवणारे हातही सुरक्षित नव्हते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मर्कजच्या बातम्या पसरल्या आणि मुस्लिम भाजी-फळवाल्यांविरुद्ध अफवांचे पीक आले. काही ठिकाणी नाव विचारून हातगाड्या परत पाठवण्यात आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. न्याय मिळाला, पण परत गेलेल्या हातगाडीवरची नासलेली केळी कोणी भरून दिली नाहीत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातील मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करण्याचा ठराव केला. ज्या स्थानाला मुसलमान शाह रमजान माहीसवार यांचे स्थान म्हणून मानत आले, तेथे हा ठराव झाला. पंचायत समितीच्या प्रशासनाने तो रद्द ठरवला. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना मालकाचे नाव लावण्याची सक्ती झाली. २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तिला स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचे अन्न मिळते ते सांगावे, नावाची सक्ती नको, असा त्या आदेशाचा आशय होता.

येथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा. अन्न नोंदणीचे प्रमाणपत्र ठेल्यावर लावणे हे गिऱ्हाइकाच्या आरोग्यासाठी आहे. काही बिघडले तर जबाबदार कोण ते त्यावरून कळते. धर्म ओळखण्यासाठी नाव मागणे ही वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्या गोष्टीच्या भीतीने पहिली टाळणे ही मोठी चूक ठरेल. ज्याच्याकडे नोंदणी आहे, प्रमाणपत्र आहे, ज्याची भांडी झाकलेली आहेत, त्याच्याबद्दल अफवा उठली तर त्याच्या हातात पुरावा असतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो पोलीस ठाण्याची पायरी चढायलाही घाबरतो, आणि गर्दीला ते बरोबर समजते.

म्हणून हिफाजतीची सुरुवात आम्ही कागदापासून करतो. सर्वेक्षणाच्या वेळी नाव नोंदवणे, प्रमाणपत्र जपणे, समितीच्या निवडणुकीत मत देणे, जमल्यास उभे राहणे. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेतून फेरीवाल्यांना विनातारण कर्ज मिळू लागले. पहिला हप्ता १० हजारांचा होता, २०२५ मध्ये तो १५ हजार झाला. नवी नळी, चांगले झाकण, पाच किलोचा अधिकृत सिलिंडर इतक्या पैशांत सहज बसतो. मशिदीच्या कमिट्या रमजानमध्ये इफ्तारची उत्तम व्यवस्था करतात. त्यांनी वर्षातून एक दिवस मोहल्ल्यातील ठेलेवाल्यांचे अर्ज भरून दिले, तर तोही सवाबच. आमच्या शाळांतील नववी-दहावीची मुले मराठीत अर्ज लिहू शकतात. बापाचा अर्ज मुलाने लिहावा, हा मराठीचा सर्वांत चांगला सराव आहे.

तवक्कुलचा अर्थ आपल्याकडे फार ढिला करून ठेवला गेला आहे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण प्रत्येकाला तोंडपाठ आहे. आज उंटाच्या जागी हातगाडी आहे, आणि तिचा दोर म्हणजे घट्ट नळी, झाकलेले भांडे आणि खिशातले प्रमाणपत्र.