वऱ्हाडातील जिनिंग-प्रेसिंगच्या ओसाड वास्तू

कापडाचा पोत आम्ही व्यापारी बोटांनी पारखतो. परंतु सूत होण्यापूर्वी कापसाने जेथे सरकी टाकली, त्या वास्तूंकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वऱ्हाडात रेल्वेस्थानकांजवळ व बाजारगावांच्या कडेला पत्र्याचे छप्पर आणि उंच धुराडे असलेली जी ओसाड आवारे दिसतात, ती याच जिनिंग-प्रेसिंगची होत.

इ.स. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाचे भाव कडाडले. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली, १८७० मध्ये जलंबहून खामगावचा फाटा सुरू झाला. जहाजात सैल बोजा परवडत नसे. त्यामुळे घट्ट गाठी बांधणाऱ्या प्रेसची निकड निर्माण झाली.

इमारतीची ठेवण कामातूनच घडली. जीनघरात रेच्यांची रांग. एका लांब दांड्यावरून चामडी पट्ट्यांनी तिला गती मिळे, आणि तो दांडा वाफेच्या इंजिनावर फिरे. रेच्यांपाशी बहुधा स्त्रियाच काम करीत. प्रेसघर मात्र उंच, कारण सुमारे ४०० पौंडांच्या गाठीसाठी सैल रुईने भरावयाची पेटी खोल असे.

वास्तूची नोंद करताना प्रथम दारे मोजावीत, असे माझे मत आहे. १९२५ च्या जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने, त्यानंतर उभारल्या जाणाऱ्या यंत्रचलित जीनघरात कापूस आत नेण्याची व रुई बाहेर काढण्याची वाट स्वतंत्र ठेवणे सक्तीचे केले. प्रतींची भेसळ टाळण्याचा तो उपाय होता. (भेसळीचा हा आजार आमच्या धंद्यालाही अपरिचित नाही!) दोन वेगळ्या वाटा असल्या म्हणजे इमारत नंतरचीच, असे मात्र नव्हे, जुनीतही दार पाडता येते. म्हणून दाराभोवतीची वीट व चुना निरखावा. त्याच कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले. तो ठसा कोठे सापडल्यास त्याचे छायाचित्र अवश्य घ्यावे.

पुढे वीज आली, धुराडी थंडावली. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने खाजगी खरेदी थांबविली. २००० साली सुरू झालेल्या केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान अभियानाने आधुनिक कारखान्यांना साहाय्य दिले. जुनी आवारे मागे पडली. त्यांतील लोखंड भंगारात जाते, जमिनीचे प्लॉट पडतात.

यंत्रावरील निर्मात्याची पाटी, इंजिनघराची लांबी-रुंदी, गोदामांचा नकाशा, सातबाऱ्यावरील जुनी नावे, एवढे तरी टिपून ठेवता येईल. हजेरीपटातील स्त्रियांपैकी हयात असलेल्या आता वृद्ध झाल्या आहेत. रेच्यावर किती तास उभे राहावे लागे, धुळीने खोकला कसा जडे, हे त्याच सांगू शकतील; मोजमापापूर्वी त्यांच्या घरी जावे.