निजलेल्यांचा पहारा

भिवंडींत रात्र होते ती घड्याळांत. कानांना ती कळत नाहीं. कामवारी नदीच्या कांठचें हें जुनें व्यापारी गांव पूर्वीं हातमागांचें होतें. १९३० नंतरच्या दशकांत तेथें विजेचे माग आले, १९८२ च्या मुंबईच्या गिरणीसंपानंतर ते झपाट्यानें वाढले, आणि पुढें त्यांची गणती लाखांनीं होऊं लागली. कारखान्यांतून बहुधा बारा बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. एक सुटली कीं दुसरी लागते. या मागांवरचें काम बहुतेकांना कोणत्याहि शाळेनें शिकविलेलें नसतें. परगांवाहून आलेला तरुण आधीं कांड्या भरतो, झाडलोट करतो, मामाच्या किंवा थोरल्या भावाच्या मागें उभा राहून तुटलेला धागा कसा गांठावा, धोट्यांतली कांडी संपण्यापूर्वीं कशी बदलावी हें पाहतो. आणि एके दिवशीं मुकादम त्याच्या हवालीं दोन माग करतो. शिकवणी संपली. पुढें त्याच्या कानाला असें वळण लागतें, कीं चार-सहा मागांच्या खडखडाटांत एकाचा ताल चुकला तरी त्याची मान आपोआप तिकडे वळते.

इतकीं माणसें जेथें रात्र जागून काढतात, त्या गांवाला दुसऱ्या एका रात्रपाळीचा इतिहास परका वाटूं नये. या पाळींत माग नसतो. एका खोलींत एक माणूस निजलेला असतो, आणि शेजारच्या खोलींत दुसरा त्याच्या झोंपेवर डोळे लावून पहांटेपर्यंत बसलेला असतो. घोरणें, झोंपेंत श्वास अडणें, हातपाय झाडणें, दिवसा डुलक्या येणें अशा तक्रारींचा तपास करणाऱ्या रुग्णालयांतून हें काम चालतें, आणि तें करणाऱ्याला स्लीप टेक्निशियन, म्हणजे निद्रातंत्रज्ञ, म्हणतात. त्याच्या कामाचें शास्त्र मोठमोठ्या ग्रंथांत आहे. काम मात्र आरंभापासून जाणत्या माणसाच्या शेजारीं बसूनच शिकलें गेलें. नवल असें, कीं ज्यांनीं तें शास्त्र उभें केलें, त्यांनाहि शिकण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

आपल्याकडे मांडूक्योपनिषदानें जागृति, स्वप्न आणि सुषुप्ति या अवस्था वेगळ्या मानल्या त्याला शतकें लोटलीं. पश्चिमेकडील बहुतेक शरीरशास्त्रज्ञ मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झोंप ही एकच वस्तु समजत. फार तर तिला कमी-अधिक खोली आहे एवढें मानीत. जर्मनींतील येना येथें हान्स बेर्गर यानें १९२४ सालीं माणसाच्या मेंदूंतील विजेचीं सूक्ष्म आंदोलनें प्रथम टिपलीं व १९२९ सालीं तीं प्रसिद्ध केलीं. त्यानंतर अमेरिकेंतील आल्फ्रेड लूमिस या धनाढ्य गृहस्थानें, ज्यानें पैसा वॉल स्ट्रीटवर मिळविला आणि खर्च केला तो टक्सीडो पार्क येथील आपल्या खाजगी प्रयोगशाळेवर, निजलेल्या माणसांच्या मेंदूंतील लहरी रात्रभर टिपून १९३७ सालीं झोंपेच्या पांच पायऱ्या सांगितल्या. पण त्याच्या आंदोलनांत डोळ्यांची नोंद नव्हती, आणि गुपित नेमकें डोळ्यांत होतें.

तें ज्याला सांपडलें त्या युजीन आसेरिन्स्कीची गोष्ट थोड्या विस्तारानें सांगण्याजोगी आहे. शिकागो विद्यापीठांत नॅथॅनियल क्लाइटमन हे झोंपेचे मोठे अभ्यासक होते. त्यांच्याकडे हा तरुण विद्यार्थी म्हणून आला तेव्हां त्याच्यापाशीं बी. ए. ची पदवीसुद्धां नव्हती. क्लाइटमननीं त्याला काम दिलें तें असें, कीं तान्ह्या मुलांजवळ बसावें आणि झोंप लागतांना त्यांच्या पापण्यांची हालचाल पाहावी. महिने गेले. कंटाळवाण्या कामांत याहून कंटाळवाणें काम शोधूनहि मिळालें नसतें. परंतु त्या बैठकींतून त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आली: तान्ह्या मुलांच्या झोंपेंत दर तासाला सुमारें वीस मिनिटांचा असा एक काळ येतो, कीं ज्यांत डोळे अगदीं निश्चल राहतात. मग उरलेल्या वेळांत ते कां हलतात?

विद्यापीठाच्या एका इमारतीच्या तळघरांत मेंदूच्या लहरी टिपणारें एक जुनें यंत्र पडलें होतें. आसेरिन्स्कीनें तें स्वतः दुरुस्त केलें. १९५१ च्या डिसेंबरांत त्यानें आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या, डोक्याला व डोळ्यांच्या कडांना तारा चिकटविल्या, आणि त्याला डोळे डावीकडे, उजवीकडे, वर, खालीं फिरवावयास सांगून लेखण्यांची खूण पटवून घेतली. मुलगा झोंपला. कांहीं वेळानें शेजारच्या खोलींत कागदावरच्या लेखण्या अशा धांवूं लागल्या, जणूं कीं तो जागा होऊन इकडेतिकडे पाहत आहे. आंत जाऊन पाहावें तों मुलगा गाढ निजलेला! यंत्रांतच बिघाड असावा असा संशय प्रथम येणें स्वाभाविक होतें, कारण यंत्र जुनें आणि दुरुस्ती हातची. त्यानें एकेक जोडणी तपासली, जाणत्यांना विचारलें, पुन्हां रात्री काढल्या. क्लाइटमनहि असे सावध, कीं आपल्या मुलीला, एस्थरला, त्यांनीं या प्रयोगांत निजविलें आणि स्वतःच्या डोळ्यांनीं खात्री करून घेतली. १९५३ च्या सप्टेंबरांत दोघांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकांत आला. निजलेल्या माणसाचे डोळे ठराविक वेळीं जलद हलतात, आणि त्या वेळीं त्याला उठविलें तर तो बहुधा स्वप्न सांगतो, हें त्यांत दाखविलें होतें. पुढें विल्यम डिमेंट या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें क्लाइटमनबरोबर असें सिद्ध केलें, कीं ही अवस्था रात्रींत सुमारें दीड दीड तासानें फिरून येते.

या सर्व शोधाचें भांडवल रात्रीची जाग हें होतें. त्या काळीं नोंद कागदावर होई. सेकंदाला दहा मिलीमीटर या वेगानें कागद सरकला, तर तीस सेकंदांचें एक पान तीस सेंटीमीटरांचें होतें. आठ तासांच्या रात्रीचीं नऊशें साठ पानें, म्हणजे दोनशें अठ्ठ्याऐशीं मीटर कागद. तो कागद अडकूं नये, लेखणींतील शाई वाळूं नये, तार सुटूं नये याची काळजी रात्रीं एकानें घ्यावी, आणि दिवसा कोणीतरी प्रत्येक पान डोळ्यांखालून घालून झोंपेची पायरी लिहावी. ही पायरी कोणीं कशी ओळखावी याचे समान नियम रेक्टशाफेन व केल्स यांच्या संपादनाखालीं १९६८ सालीं छापले गेले. तोंवर ज्याचा गुरु जसा, तशी त्याची मोजणी. १९७० सालीं डिमेंटनें स्टॅनफर्ड विद्यापीठांत झोंपेच्या विकारांसाठीं दवाखाना काढला, आणि जें काम प्रयोगापुरतें होतें तें रोग्यांसाठीं रोजचें झालें. १९७८ सालीं रात्रीं बसणाऱ्या या मंडळींचा अमेरिकेंत संघ निघाला व लवकरच त्यांच्यासाठीं परीक्षाहि सुरू झाली. परीक्षा आधीं असते आणि काम मागून येतें, हा शाळेंतला क्रम. येथें काम पाव शतक अगोदर चाललेलें होतें. शोधनिबंधांवर प्राध्यापकांचीं नांवें राहतात. ज्यांनीं रात्री काढल्या त्यांना फार तर आभाराची एखादी ओळ मिळते.

नव्या उमेदवाराला या कामांत काय शिकावें लागतें हें पाहिलें, म्हणजे तें पुस्तकांत कां मावत नाहीं तें कळतें. प्रथम मोजमाप. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत फीत धरून शेंकडा दहा व वीस या प्रमाणांत खुणा करावयाच्या. ही पद्धत हर्बर्ट जॅस्परनें १९५८ सालीं मांडली. फीत धरणें सोपें. पण दाट केसांत भांग पाडून, कातडी रवाळ मलमानें हलकेच घासून, तार अशी बसवावयाची कीं रात्रभर निघूं नये आणि सकाळीं दुखूं नये, ही हाताची गोष्ट आहे. उमेदवार ती एकमेकांच्या डोक्यांवर शिकतात. डोकें, डोळे, हनुवटी, छाती, पाय येथें तारा, नाकाशीं श्वासाची नळी, छातीला व पोटाला पट्टे, बोटाला प्राणवायु मोजणारी चिमटी. मग दिवा मालविण्यापूर्वीं ध्वनिक्षेपकावरून सूचना: डोळे डावीकडे, उजवीकडे, वर, खालीं, दांत आवळा, पाय हलवा. १९५१ सालीं एका बापानें मुलाला सांगितलें तेंच हें.

इतक्या तारांत गुंतलेल्या माणसाला परक्या खाटेवर झोंप यावी हीच मोठी विद्या होय. भ्यालेल्या म्हाताऱ्याशीं दोन शब्द बोलावे, रात्रीं उठावें लागलें तर हांक मारा म्हणून सांगावें, तारांनीं विजेचा धक्का बसत नाहीं हें समजावून द्यावें. पण आजार काय आहे हें मात्र सांगूं नये, कारण निदान वैद्याचें. हा विवेक नियमावलींत एका वाक्याचा आहे. अंगीं बाणावयास अनेक रात्री लागतात.

त्यानंतर डोळ्याचें शिक्षण. रोगी घामेजला कीं पडद्यावर संथ, रुंद लाटा येतात, आणि नवशिका ती गाढ झोंप समजतो. जाणता खोली थंड करतो. हृदयाचे ठोके कधीं कधीं मेंदूच्या रेघेंत उमटतात. एखादी तार सैल झाली तर तिची रेघ मध्येंच उसळते. तिच्यासाठीं निजलेल्याला उठवावें कीं दुसऱ्या तारेवर भागवावें, हें त्याच क्षणीं ठरवावें लागतें. श्वासाचें वाचन याहून सूक्ष्म. नाकांतली हवा निदान दहा सेकंद थांबली पण छाती व पोट धडपडत राहिलें, तर वाट घशांत बंद झाली आहे. छाती-पोटहि स्वस्थ राहिलें, तर मेंदूकडूनच हुकूम आलेला नाहीं. हा रोग १९६५ सालीं फ्रान्समध्यें गास्तो व त्याच्या सहकाऱ्यांनीं आणि जर्मनींत युंग व कूलो यांनीं रात्रभराच्या नोंदींतून प्रथम उघडकीस आणला. त्यापूर्वीं घोरणें ही घरोघर थट्टेची बाब होती. पहांटे तीन ते पांच या वेळांत उमेदवाराची स्वतःची पापणी जड होते, आणि बहुधा त्याच वेळीं स्वप्नावस्था लांबत जाऊन रोग्याचा श्वास अधिक अडतो. निसर्गाची ही खोडी म्हणावी!

१९८१ सालीं सिडनीच्या कॉलिन सलिव्हननें नाकावर मुखवटा बसवून हवेच्या मंद दाबानें घशाची वाट उघडी ठेवण्याचा उपाय पांच रोग्यांवर करून दाखविला. तेव्हांपासून पहारेकऱ्याच्या हातीं केवळ पाहणेंच राहिलें नाहीं. चार सेंटीमीटर पाण्याइतक्या दाबापासून आरंभ करावा, पांच मिनिटें वाट पाहावी, श्वास पुन्हां अडला तर एक अंश वाढवावा. असें करीत घोरणें थांबतें, प्राणवायूचा आंकडा वर चढतो, आणि कित्येक वर्षें नीट न निजलेला माणूस खोल झोंपेंत उतरतो. त्या रात्रीं तो दाब वाढविणारा हात बहुधा तंत्रज्ञाचा असतो. वैद्य नोंद सकाळीं पाहतो.

आपल्या भागांत हा रोग किती आहे? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांत नेहमींच्या तपासणीसाठीं आलेल्या पस्तीस ते पासष्ट वर्षांच्या पुरुषांची पाहणी डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केली. ६५८ जणांनीं प्रश्नावली भरून दिली आणि त्यांपैकीं २५० जणांची रात्रभराची नोंद घरींच घेण्यांत आली. झोंपेंत श्वासाचा दोष शेंकडा साडेएकोणीस, आणि त्यासह दिवसा गुंगी येणारे शेंकडा साडेसात, असा अंदाज निघाला. हे शहरांतले, प्रकृतीची तपासणी करून घेण्याची ऐपत असलेले, रात्रीं निजणारे लोक होते. भिवंडीचा मागवाला त्यांच्यांत बसत नाहीं.

त्याची अडचण वेगळी आहे. १९३८ सालीं क्लाइटमन आपल्या एका विद्यार्थ्यासह केंटकींतील मॅमथ गुहेंत बत्तीस दिवस राहिले होते व त्यांनीं अठ्ठावीस तासांचा दिवस पाळला होता. तरुण विद्यार्थ्याच्या शरीरानें तो पत्करला. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमनच्या शरीरानें जुनें चोवीस तासांचें घड्याळ सोडलें नाहीं. मागवाल्याला गुहेचा अंधारहि नाहीं. तो उजाडतां घरीं येतो, भिंतीपलीकडे दुसऱ्याचे माग चालू असतात, आणि एकाच खोलींत कित्येकांची पथारी पाळीपाळीनें पडते. त्याला फिरत्या पट्ट्यांजवळ डुलकी आली, तर ती श्वास अडल्यामुळें कीं नुसत्या जागरणामुळें, हें सांगणें वैद्यालाहि तपासणीवांचून शक्य नाहीं. आणि ती तपासणी रात्रीं करून उपयोग नाहीं. रात्रपाळीच्या माणसाची झोंप तो ज्या वेळीं निजतो त्याच वेळीं मोजली पाहिजे, असा या शास्त्राचाच दंडक आहे.

म्हणजे अशा रोग्यासाठीं तंत्रज्ञालाहि पाळी बदलावी लागते. खिडक्यांना जाड पडदे लावून तो सकाळीं आठ वाजतां खाट तयार ठेवतो. येणाऱ्याच्या केसांत रात्रभराच्या सुताचे बारीक तंतु असतात. ते निघाल्याशिवाय तार चिकटत नाहीं. शेजारीं उभा असलेला उमेदवार ते ओल्या कापडानें पुसून काढतो, भांग पाडतो, आणि पहिली खूण करण्यासाठीं फीत हातीं घेतो.