घोडा गेला, मोतद्दार कुठे गेला?

श्रोतेहो, मार्गशीर्षातील पौर्णिमेला एकमुखी दत्ताच्या यात्रेत आपल्या सारंगखेड्याला तापीकाठी जो घोडेबाजार भरतो, त्यात घोडा कशासाठी विकत घेतला जातो, याकडे आपण कधी लक्ष दिले आहे काय? वरातीसाठी, नाचासाठी, शर्यतीसाठी, आणि पुष्कळदा नुसत्या हौसेसाठी. टांग्याला जुंपण्यासाठी घोडा पाहणारे गिऱ्हाईक विरळा. विजेवर चालणाऱ्या एका स्कूटरचे नाव 'चेतक' आहे, आणि आपल्या यात्रेतल्या महोत्सवाचेही. नाव घोड्याकडे राहिले. ओझे मात्र बॅटरीने उचलले! पेट्रोल-डिझेलच्या जागी उद्या काय येणार, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. पण मी पडलो कामगार-चळवळीतला माणूस. मला त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न पडतो : घोडा गेला, तेव्हा मोतद्दार कुठे गेला?

मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि तबेल्यांची गरज संपली. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी धावली. ११ जून १९६२ पासून तर मुंबईच्या रस्त्यावर तारांखालून विजेची ट्रॉलीबसही धावत होती. तेव्हा विजेची गाडी ही काही कालपरवाची नवलाई नव्हे. ती आली होती आणि आपणच तिला घालवली. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, ट्रॉलीबस १९७१ मध्ये. डिझेलच्या बसला रूळ लागत नसत, तारही लागत नसे, आणि त्या काळी खनिज तेल स्वस्त होते. आज बॅटरीने वीज तारेपासून सोडवली, म्हणून ती पुन्हा रस्त्यावर आली आहे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हाची हकिगत याहून उद्बोधक आहे. तेव्हा मोटारी लाकडी कोळशावर चालवल्या गेल्या. मोटारीच्या मागे किंवा बाजूला पिंपासारखी बंद भट्टी बसवायची, तीत कोळसा भरायचा आणि हवा इतकी मोजून सोडायची की तो धडपणे जळूही नये. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. तो गार करून, गाळून, हवेत मिसळून इंजिनात घ्यायचा. युक्ती नामी होती. पण इंजिनाची शक्ती बरीच घटे, चढावर गाडी दमून जाई. आणि खरा भार पडे तो क्लीनरवर. पहाटे सर्वांच्या आधी उठून भट्टी पेटवायची, हाताने पंखा फिरवत बसायचे, राख काढायची, काजळीने भरलेली गाळणी साफ करायची. शिवाय हा वायू विषारी, त्याला वासही नाही. बंद शेडमध्ये तो जीव घेऊ शकतो. युद्ध संपले, पेट्रोल आले आणि भट्ट्या भंगारात गेल्या. पर्यायी इंधनाचा इतिहास लिहिणारे भट्टीचे चित्र काढतात, पंखा फिरवणाऱ्या पोराचे काढत नाहीत.

मद्यार्काची कथाही जुनीच. मोटारीच्या इंधनात मद्यार्क मिसळण्यासाठी आपल्या देशात १९४८ सालीच कायदा झाला होता. मग पन्नास वर्षे सामसूम! २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे ५ टक्के इथेनॉलचा प्रयोग झाला, २०२२ मध्ये प्रमाण १० टक्क्यांवर आले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. साखर कारखान्यांना याने आधार मिळाला हे खरे. पण लिटरास लिटर मोजले तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, आणि ऊस पाणी किती पितो हे तापीकाठच्या माणसाला मी काय सांगावे?

आता एस.टी.कडे वळू. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला गेली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर 'शिवाई' ही विजेची गाडी सुरू झाली. धूर नाही, धडधड नाही. मला स्वतःला ही गाडी आवडते. पण तिचे पोट उघडून पाहा. तीत क्लचप्लेट नाही, इंजिनऑइल नाही, डिझेलचा पंप नाही. म्हणजे ज्या मिस्त्रीने तीस वर्षे कानाने इंजिनाचा आजार ओळखला, त्याच्या विद्येला गिऱ्हाईक नाही. दुसरे असे की या गाड्या बहुधा भाडेकराराने येतात : गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा आणि तिकिटे फाडणारा वाहक महामंडळाचा. एकाच गाडीत दोन मालकांचे दोन नोकर! मुंबईत ऑगस्ट २०२३ मध्ये बेस्टच्या भाडेतत्त्वावरील बसचालकांनी पगारवाढीसाठी काम बंद केले, त्याचे मूळ याच पद्धतीत आहे. हा दोष विजेचा नव्हे, कराराचा आहे. डिझेलची गाडीही भाड्याने आणली तर हेच होते.

करार बदलता येतो, हे माथेरानकडे पाहून कळते. तिथे मोटारींना बंदी, म्हणून माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत असे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. पण तेवढ्यावर न थांबता सांगितले की, विजेच्या रिक्षा सरकारने घ्याव्यात आणि त्या खऱ्या हातरिक्षावाल्यांनाच चालवायला द्याव्यात. खरे रिक्षावाले कोण, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवावे. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही त्यात आहे. रिक्षा उरल्या तर त्या तेथील आदिवासी स्त्रियांना व इतर गरजूंना द्याव्यात.