चाकांवरचं बिऱ्हाड केवढं असावं?

लहानपणी हणजुण्याला मावशीकडे गेलो की माडांच्या सावलीत एखादी परदेशी व्हॅन उभी दिसायची. आत गादी, स्टोव्ह, बाहेर दोरीवर वाळणारे कपडे. एवढ्याशा खोक्यात ही माणसं किती मुलूख पालथा घालून आली असतील, याचं नवल वाटायचं.

परवा इंग्लंडातल्या भाच्याचा फोन आला. बायको, दोन मुलं आणि फिरण्याची हौस. पहिलीच कॅम्परव्हॅन घ्यायचीय. "मामा, केवढी घेऊ?" मामा कारकून, त्यातून बी.ए. झालेला. उत्तर इतिहासातूनच येणार!

हौसेखातर बांधलेलं चाकांवरचं पहिलं नामांकित घर त्याच्याच देशातलं. आरमारातून निवृत्त झालेले स्कॉटिश डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' बांधून घेतली. महोगनीचं काम, पुस्तकांचं कपाट, सगळा थाट. वजन सुमारे दोन टन! ओढायला दोन घोडे, आणि अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येतंय का ते बघायला नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे. घर मोठं झालं की रस्ता लहान होतो, हे तेव्हाच कळलं होतं.

१९५१ पासून जर्मनीत वेस्टफालियाने फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसणारं बिऱ्हाड विकायला काढलं. गाडी जेमतेम सव्वाचार मीटर. उभं राहायला अडचण, पण कुठल्याही गल्लीत शिरणार. साठ-सत्तरच्या दशकांत असल्या व्हॅनी इराण-अफगाणिस्तानमार्गे आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचल्या.

अमेरिकेत उलट घडलं. तिथले ओढायचे ट्रेलर आठ फूट रुंद असत. १९५४ च्या सुमारास दहा फुटी आले. घरात ऐसपैस जागा झाली, पण ती रस्त्यावर आणायला खास परवाना लागू लागला. परिणाम असा, की ती घरं एकदा ठेवली की बहुधा तिथेच राहिली. दोन फुटांनी धंद्याच्या दोन वाटा केल्या : एक राहण्याची, दुसरी फिरण्याची.

म्हणून भाच्याला म्हटलं, लांबीआधी कागदावरचं वजन बघ. १९९७ पासून तिथल्या साध्या मोटार परवान्याला ३,५०० किलोंची मर्यादा आली, आणि ती भरलेल्या गाडीची. समजा इंधनासकट रिकामी गाडी ३,००० किलो. तुम्ही चौघे मिळून २४० किलो, शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो. उरले १६० किलो. त्यात गॅस, भांडी, कपडे, सायकली आणि आईने दिलेला लोणच्याचा डबा!

विकत घेण्याआधी आठवडाभर तशीच गाडी भाड्याने घे, असंही सांगितलं. पावसात चौघांना आत कोंडून बघ. पलंग रोज मोडून मांडावा लागतो का, घराच्या दारात ती उभी राहते का, हे तेव्हाच कळतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे रस्ता पाहून अंथरूण पसरायचं, एवढाच फरक.