टावर चौक आणि ‘झीनी’ : माळव्यातून ऐकलेला एक दुर्लक्षित अल्बम

उज्जैनमधून जाणाऱ्या रेल्वेमार्गामुळे शहराचे दोन भाग पडतात. एका बाजूला क्षिप्रेच्या काठावरचे महाकाल, गोपाळ मंदिर आणि अरुंद गल्ल्यांचे जुने शहर आहे. दुसऱ्या बाजूला मोकळ्या रस्त्यांचे, दुकानांचे आणि कचेऱ्यांचे फ्रीगंज आहे, ज्याचे सरकारी दप्तरातले माधवनगर हे नाव शिंदे घराण्यातील माधवरावांची आठवण करून देते. घड्याळाच्या मनोऱ्याभोवती वसलेला टावर चौक या नव्या भागाच्या मध्यावर आहे. जुन्या शहरावरचा मराठी ठसा देवळांच्या दगडांत वाचता येतो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले, बायजाबाई शिंद्यांनी पुढच्या शतकात गोपाळ मंदिर बांधविले, आणि १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी येथून ग्वाल्हेरला नेल्यावरही मराठी घरे येथे टिकून राहिली. टावर चौकाला असा प्राचीन वारसा नाही. तो बाजाराचा चौक आहे. संध्याकाळी तेथे चाटच्या गाड्यांभोवती गर्दी होते आणि एप्रिल महिन्यात तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला हार घालण्यासाठी निळे झेंडे घेऊन माणसे जमतात.

या पुतळ्याचा संगीताच्या इतिहासाशी संबंध आहे, आणि तो वरवरचा नाही. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी माळव्यातच, इंदूरजवळच्या महू छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते, म्हणजे कबीराच्या नावाने चालणाऱ्या, मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारणाऱ्या पंथाचे अनुयायी होते. आणि पुढे आंबेडकरांनी बुद्ध, कबीर व फुले या तिघांना आपले गुरू म्हटले. माळव्यातील कबीरभजनाची परंपराही बव्हंशी दलित वस्त्यांनीच जपली आहे. उज्जैन–देवासच्या परिसरात कबीर हा आधी गायला जातो आणि मग वाचला जातो, आणि म्हणूनच कबीराचे पद शीर्षकस्थानी ठेवणाऱ्या एका रॉक अल्बमची फेरतपासणी करायची तर ती दिल्लीपेक्षा येथून करणे अधिक फलदायी ठरते.

हा अल्बम म्हणजे ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या वाद्यवृंदाचा २००३ साली टाइम्स म्युझिकने काढलेला ‘झीनी’. रॉक म्हणजे विजेवर चालणारी गिटार, खालच्या सप्तकाचा आधार देणारी बास गिटार आणि ड्रमसंच यांच्या जोरावर उभे राहिलेले पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत; भारतात ते मुख्यतः महानगरांत आणि इंग्रजी भाषेत रुजले, आणि मुंबईच्या ‘रॉक मशीन’सारखे वाद्यवृंद १९८०च्या दशकात स्वतःची इंग्रजी गाणी रचू लागले. गिटारवादक सुश्मित सेन आणि तबला वाजवतच गाणारे असीम चक्रवर्ती यांनी १९९० साली स्थापन केलेल्या इंडियन ओशनने ही वाट सोडली. बास गिटार वाजवणारे राहुल राम आणि नंतर ड्रमवादक अमित किलाम येऊन मिळाल्यावर या चौघांनी हिंदी, बोली आणि स्तोत्रांच्या भाषा रॉकच्या चौकटीत आणल्या. अशा मिश्रणाला बाजारात ‘फ्यूजन’ म्हणतात. तो शब्द इतका सैल झाला आहे की सतार आणि ड्रम एका मंचावर ठेवले तरी तो चालतो. या चौघांच्या बाबतीत तो अपुरा वाटतो, कारण त्यांच्या रचनांत दोन संगीतांची बेरीज सहसा ऐकू येत नाही.

‘झीनी’ उपेक्षित राहिला याचे पहिले कारण त्याच्या शेजाऱ्यांत आहे. आधीचा ‘कंदिसा’ २००० साली आला आणि त्याने वाद्यवृंदाला देशभर नाव दिले. केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेतील अरामी भाषेची प्रार्थना, नर्मदेचे ‘मा रेवा’ आणि गोरख पांडेय यांच्या भोजपुरी कवितेवरचे ‘हिल्ले ले’ यांचा त्यातील मेळ अपूर्व होता. ‘झीनी’नंतर थोड्याच काळात ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटाचे संगीत आले आणि पीयूष मिश्रा यांनी लिहिलेले ‘बंदे’ त्यांच्या नावाशी कायमचे चिकटले. या दोन शिखरांमधल्या खिंडीत ‘झीनी’ सापडला. दुसरे कारण विक्रीच्या रीतीत आहे. २००३ हे साल ध्वनिफितीच्या उताराचे होते. सीडी महाग वाटत होती आणि गाणी संगणकावरून फुकट वाटली जाऊ लागली होती, त्यामुळे सुट्या गाण्याचे महत्त्व वाढले आणि अल्बम, म्हणजे ठरावीक क्रमाने ऐकण्यासाठी एकत्र बांधलेला रचनांचा संच, हे एकक ढिले पडत गेले. वाद्यवृंदाने स्वतःच हा बदल ओळखला, आणि २०१० साली ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम, ज्याचे नाव त्यांच्या करोलबागेतील तालमीच्या घराच्या पत्त्यावरून ठेवले होते, दरमहा एक गाणे या क्रमाने इंटरनेटवर विनामूल्य दिला.

मराठी श्रोत्यापुरते तिसरेही कारण सांगता येईल, आणि त्यासाठी देवासला जावे लागते. क्षयरोगाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली, कोरड्या हवेसाठी, उज्जैनपासून जवळच असलेल्या या पवारांच्या जुन्या संस्थानी गावी येऊन राहिले आणि काही वर्षे गाणे बंद असताना त्यांनी माळव्याची लोकगीते आणि दारावरून जाणाऱ्या जोग्यांची भजने कानांत साठवली. देवासच्या शीलनाथ धुनीतील नाथपंथीय भजनांचा संग्रहही त्यांच्या कामी आला. नाथपंथ हा गोरखनाथादी योग्यांचा पंथ. उज्जैनला क्षिप्रेकाठी भर्तृहरीच्या गुहा त्याचीच खूण म्हणून दाखवल्या जातात. निर्गुण भजन म्हणजे रूप, अवतार, मूर्ती नसलेल्या तत्त्वाचे भजन. त्यात देह हा गड असतो, शहर असते किंवा वस्त्र असते. कुमारांनी ही भजने ख्यालगायकाच्या तयारीने, पण ख्यालाचा पसारा बाजूला ठेवून मांडली, आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या रसिकाच्या कानात कबीर म्हटला की कुमारांचा तो अचानक तोडलेला, हवेत फेकलेला स्वरच वाजतो. हा कान तयार असलेल्या श्रोत्याला ‘झीनी’ पहिल्या भेटीत बेतास बात वाटला असेल तर त्यात नवल नाही. ही तुलना मात्र चुकीच्या जागी लागते.

कुमारांनी ज्या प्रवाहातून ओंजळ भरली तो प्रवाह स्वतः वेगळ्या पद्धतीने वाहत होता. माळव्याची भजनमंडळी गावाच्या चौथऱ्यावर किंवा घराच्या ओसरीत रात्रभर बसते. मुख्य गायक स्वतःच एका हाताने पाच तारांचा तंबुरा छेडतो आणि दुसऱ्या हातात करताल, म्हणजे झांजेच्या चकत्या बसवलेली लाकडी पट्टी, वाजवतो. सोबत ढोलक, मंजिरे, पेटी आणि अलीकडे व्हायोलिनही असते. शास्त्रीय मैफलीतला तानपुरा गायकामागे बसून अखंड षड्ज धरतो, तर हा तंबुरा लयीत वाजतो, आणि स्वर व ठेका दोन्ही गायकाच्या हातीच राहतात. दोन कडव्यांच्या मध्ये गायक थांबतो, अर्थ सांगतो, एखादी साखी, म्हणजे दोहा, म्हणतो आणि पुन्हा उचल घेतो. पदाचे शब्द मंडळीगणिक बदलतात, कडवी मागेपुढे होतात आणि शेवटच्या ओळीत कबीराचे नाव येते म्हणून ते पद कबीराचे मानले जाते. छापील संहितेच्या अभ्यासकाला हा गोंधळ वाटतो, गाणाऱ्याला वाटत नाही. लिंडा हेस यांनी २०१५ सालच्या ‘बॉडीज ऑफ साँग’ या ग्रंथात याच मौखिक कबीराचा अभ्यास मांडला, आणि त्यासाठी त्यांनी बनारसऐवजी माळवा निवडला.

या परंपरेला विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन गोष्टींनी बळ दिले. पहिली म्हणजे स्वस्त ध्वनिफीत. १९८०च्या दशकात कॅसेटमुळे ध्वनिमुद्रणाचा खर्च इतका उतरला की मोठ्या कंपन्यांच्या यादीत कधीच न आलेल्या बोली आणि लोकगायक बाजारात आले, आणि माळवी भजनेही गावोगावच्या टेपरेकॉर्डरवर वाजू लागली. उज्जैन जिल्ह्यातील तराना तालुक्यातल्या लुनियाखेडीचे शाळामास्तर प्रह्लादसिंह टिपानिया, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांचा आवाज मंचाइतकाच अशा फितींवरून पसरला. दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या ‘एकलव्य’ संस्थेने देवासला १९९०च्या दशकात चालवलेला ‘कबीर भजन एवं विचार मंच’. त्याच्या मासिक बैठकींत मंडळ्या रात्रभर गात आणि ज्या पदांत जात आणि पुरोहितशाही यांवर प्रहार आहे त्यांची जाहीर चर्चा करीत. गुरुभक्तीचे गाणे आणि सामाजिक प्रश्नाचे गाणे यांतले अंतर तेथे पुसट झाले. अर्थात सगळ्याच मंडळ्यांना ते रुचले असे मानण्याचे कारण नाही, कारण अनेकांसाठी कबीर हा आधी सद्गुरू होता.

या पार्श्वभूमीवर ‘झीनी’चे शीर्षकगीत पुन्हा ऐकले तर पहिल्यांदा जाणवते ती असीम चक्रवर्तींची बैठक. रॉकमध्ये गायक बहुधा उभा असतो, गिटार गळ्यात असते किंवा हात मोकळे असतात, आणि ठेका मागच्या ड्रमवादकाकडे सोपवलेला असतो. असीम मात्र बसून, स्वतः तबला वाजवत गात, त्यामुळे शब्दाचा श्वास आणि बोलाचा आघात एकाच शरीरातून येतो. माळव्याच्या मंडळीत तंबुरा आणि करताल धरलेल्या गायकाची स्थिती नेमकी हीच असते. असीमनी ती माळव्यातून घेतली असे येथे म्हणायचे नाही. दोन वेगळ्या वाटांनी गायक आणि तालधारी एक झाले, एवढेच म्हणायचे आहे. सुश्मित सेन यांची गिटारची धाटणीही याला पूरक ठरते. एका वेळी अनेक स्वर दाबून कॉर्ड, म्हणजे स्वरसंघ, ठोकत राहण्यापेक्षा उघड्या तारांच्या घुमाऱ्यावर एक स्वरवाक्य फिरवत ठेवण्याकडे त्यांचा कल असल्याने पद गायले जात असताना त्याखालची जमीन फारशी हलत नाही. देह हे बारीक विणलेले वस्त्र आहे, ते जपून वापरावे आणि जसे मिळाले तसे परत करावे, हा त्या पदाचा आशय. विणकर असलेल्या कबीराने केलेली ही रूपकयोजना अशा पुनरावृत्त, धाग्यावर धागा टाकणाऱ्या वादनाला मानवते. अनुप जलोटांसारख्या भजनगायकांमुळे तेच पद मध्यमवर्गीय घरांत आधीच पोहोचलेले होते. तेथे ते सांत्वन देते, तर येथे त्यातली कारागिरी आणि तिच्यामागची ताकीद पुढे येते.

संचातील ‘नाम म्यो हो’ ही रचना जपानच्या निचिरेन पंथाच्या बौद्ध मंत्रावर बेतलेली आहे; सद्धर्मपुंडरीक सूत्राला, म्हणजे महायान परंपरेतील एका मान्यवर ग्रंथाला, वंदन करणारा तो मंत्र आहे. बुद्ध आणि कबीर एका अल्बममध्ये शेजारी यावेत हा योग दिल्लीच्या समीक्षकांना केवळ विविधतेचा नमुना वाटू शकतो. महूचे जन्मस्थान आणि टावर चौकातील पुतळा ध्यानी असलेल्या श्रोत्याला त्या शेजारात एक निश्चित वैचारिक वंशावळ दिसते, मग ती वादकांच्या मनात असो वा नसो. ‘भोर’ आणि ‘आफ्टर द वॉर’ या रचनांना ‘कंदिसा’तील गाण्यांसारखी चटकन ओठांवर बसणारी ओळ नाही. हा दोष आहेच, पण तो विक्रीचा दोष आहे. ‘कंदिसा’ची बांधणी अधिक नाट्यमय आहे हे मान्य करूनही, सलग ऐकण्याच्या कसोटीवर ‘झीनी’ अधिक एकजीव ठरतो असे म्हणता येते.

माळवा-निमाड प्रदेशाशी या वाद्यवृंदाचा प्रत्यक्ष संबंधही आहे, पण तो कबीराच्या मार्गाने आलेला नाही. कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट केलेले राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात कार्यकर्ते होते, आणि खोऱ्यातली गाणी ते तेथेच शिकले. ‘मा रेवा’ त्यातून आले. पुढे २०१४च्या ‘तंदानू’ या अल्बममध्ये त्यांनी अलीराजपूरच्या भागातील एकोणिसाव्या शतकातल्या छितू किराड या आदिवासी बंडखोराचे गाणे घेतले. तोवर असीम चक्रवर्ती हयात नव्हते, २५ डिसेंबर २००९ रोजी त्यांचे निधन झाले होते, आणि २०१३ साली सुश्मित सेनही वेगळे झाले होते. त्यामुळे ‘झीनी’ हा मूळ चौघांच्या ऐन भरातील मोजक्या स्टुडिओ-ध्वनिमुद्रणांपैकी एक म्हणूनही मोलाचा ठरतो.

एका बाबतीत मात्र या अल्बमला वारस लाभले नाहीत. शबनम विरमानी यांच्या २००८ सालच्या कबीरविषयक चित्रपटमालिकेने, विशेषतः टिपानियांवर केंद्रित असलेल्या ‘चलो हमारा देस’ने, माळव्याची गायकी शहरी तरुणांपुढे आणली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मुंबईत नीरज आर्य यांचा ‘कबीर कॅफे’ हा वाद्यवृंद उभा राहिला, जो गिटार आणि बासच्या साथीने टिपानियांच्याच चाली गातो. रॉकच्या मंचावर कबीर आणण्याचे काम इंडियन ओशनने दहाएक वर्षे आधी केले असूनही नंतरच्यांनी आपली शिदोरी दिल्लीच्या खजूर रोडवरून बांधून न घेता थेट लुनियाखेडीच्या तंबुऱ्यावरून घेतली. चाल, उच्चार आणि मधले निरूपण या सर्वांसह भजन उचलणे त्यांना सोपे गेले; ‘झीनी’तली बांधणी त्या चार वादकांच्या हातांना इतकी जखडलेली होती की ती इतरांना उचलता येण्यासारखी नव्हती.