बेवारस फ्रेम : दुहेरी रिंगच्या फायबर नेटवर्कमध्ये भरकटलेला डेटा कोण काढतं?

रस्त्याच्या खोदकामात फायबर केबल तुटली, तरी इंटरनेट सुरू राहावं म्हणून नेटवर्क अनेकदा रिंगच्या, म्हणजे वर्तुळाच्या आकारात जोडलं जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमातही ग्रामपंचायतींसाठी रिंग रचनाच आहे. पण वर्तुळाला शेवट नसतो. त्यामुळे त्यात भरकटलेला डेटा आपोआप बाहेर पडत नाही.

दुहेरी रिंग म्हणजे काय?

याचं सर्वात परिचित उदाहरण म्हणजे १९८० च्या दशकात तयार झालेलं एफडीडीआय हे तंत्र. वेग सेकंदाला १०० मेगाबिट. त्यात दोन रिंग असतात आणि त्यांतला डेटा एकमेकींच्या उलट दिशेने फिरतो. एरवी काम पहिल्या रिंगवर चालतं, दुसरी राखीव असते.

समजा, सोलापुरात नवी पेठ, सात रस्ता, अशोक चौक आणि तुळजापूर वेस अशी चार स्टेशनं एका रिंगवर आहेत. सात रस्ता आणि अशोक चौकादरम्यान केबल तुटली, तर ही दोन्ही स्टेशनं डेटा दुसऱ्या रिंगवर वळवतात आणि वर्तुळ पुन्हा पूर्ण होतं.

डेटा भरकटतो कसा?

रिंगवर ‘टोकन’ नावाचा छोटा संदेश फिरत असतो. टोकन ज्याच्या हाती, त्यालाच बोलायची परवानगी. नवी पेठेने अशोक चौकाला डेटाचा तुकडा, म्हणजे फ्रेम पाठवली, की अशोक चौक तिची फक्त प्रत घेतो आणि मूळ फ्रेम पुढे सोडतो. फेरी पूर्ण करून ती नवी पेठेत परतते आणि पाठवणाराच ती काढून टाकतो. नियम साधा आहे: ज्याची फ्रेम, त्यानेच आवरायची.

पण फ्रेम वाटेत असतानाच नवी पेठेचं स्टेशन बंद पडलं, किंवा फ्रेममधला पाठवणाऱ्याचा पत्ताच बिघडला, तर? मग तिला आपली म्हणणारं कोणी उरत नाही. ती बेवारस होते.

त्याने बिघडतं काय?

काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. शहरापुरत्या रिंगवर अशी फ्रेम सेकंदाला हजारो फेऱ्या मारू शकते. दर फेरीला अशोक चौक तीच फ्रेम नव्याने वाचतो आणि त्याची मेमरी भरत जाते. फ्रेम सर्वांसाठी असेल, तर सगळीच स्टेशनं नाहक कामाला लागतात.

एखादं स्टेशन स्वतःचा डेटा पाठवत असताना आलेल्या फ्रेम पुढे सोडत नाही. म्हणून वर्दळीच्या रिंगवर बेवारस फ्रेम लवकर संपते. रिंग शांत असेल, तेव्हाच ती जास्त काळ टिकते.

सफाई कशी होते?

यासाठी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने ‘रिंग पर्जर’ ही पद्धत आणली. यात एका स्टेशनकडे सफाईचं काम असतं. टोकन आलं, की ते दोन रिकाम्या फ्रेम पाठवतं आणि टोकन पुढे सोडतं. त्यानंतर आपली रिकामी फ्रेम परत येईपर्यंत जे काही येईल, ते सगळं काढून टाकतं.

यात कामाचा डेटा जात नाही का? नाही. कामाची प्रत्येक फ्रेम टोकनच्या पुढे चालते, त्यामुळे ती आधीच या स्टेशनवरून गेलेली असते. नवी फ्रेम आली, तर ती रिकाम्या फ्रेमच्या मागून येते. मधे सापडतं ते फक्त बेवारस.

आज काय वापरतात?

स्वस्त आणि वेगवान इथरनेटपुढे एफडीडीआय मागे पडलं, प्रश्न मात्र राहिला. २००४ च्या आरपीआर या रिंग मानकात प्रत्येक फ्रेमवर आयुष्याचा आकडा असतो. तो दर स्टेशनला एकने घटतो आणि शून्य झाला की फ्रेम संपते. इथरनेटच्या फ्रेमला असा आकडा नसतो. म्हणून तिथे रिंगचा एक दुवा मुद्दाम बंद ठेवतात आणि दुसरीकडे केबल तुटली तरच तो उघडतात.