एडिसनच्या थंडीत कोंबडीची पिल्ले : अंड्यापासून खुराड्यापर्यंत

गावाकडे खुडूक झालेली कोंबडी रवणाला बसवली की पुढचे काम तीच करते. २१ दिवस ती अंड्यांना ऊब देते, ती वरचेवर फिरवते आणि बाहेर आलेली पिल्ले पंखाखाली घेते. न्यू जर्सीतील एडिसनसारख्या उपनगरात हे सारे उबवणी यंत्र आणि घरातील माणसे यांच्यावर येते.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. एडिसनमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो आणि एप्रिलअखेरपर्यंत पहाटे गोठणबिंदू गाठू शकतो. पिल्लांना पुरती पिसे येण्यास सुमारे ६ आठवडे लागतात. म्हणून गुढीपाडव्याच्या सुमारास अंडी यंत्रात ठेवल्यास पिल्ले बाहेर सोडण्याची वेळ मे-जूनमध्ये येते. बाजारातील नेहमीची अंडी उबत नाहीत. नर असलेल्या कळपातील ताजी, शक्यतो आठवड्याच्या आतली अंडी मिळवावी लागतात.

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश तापमान राखावे. अंडी १८व्या दिवसापर्यंत रोज किमान तीन वेळा फिरवावीत आणि त्यानंतर हलवू नयेत. थंड प्रदेशात खरी अडचण येते ती आर्द्रतेची. हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी घरातील हीटिंग हवा कोरडी करते. पहिल्या १८ दिवसांत ४५ ते ५० टक्के आणि शेवटच्या तीन दिवसांत ६५ ते ७० टक्के आर्द्रता नसेल, तर कवचाखालचा पापुद्रा वाळून पिल्लाला आवळतो. पिल्लू चोच मारू लागल्यावर कौतुकाने झाकण उघडून पाहण्याचा मोह होतो. त्या क्षणी नेमकी हीच आर्द्रता निघून जाते. यंत्र गॅरेजमध्ये न ठेवता स्थिर तापमानाच्या खोलीत ठेवावे.

पिल्लांच्या पेटीत पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करावी. पिल्ले दिव्याखाली गर्दी करत असतील तर ती गारठली आहेत, कडेला पांगून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त झाली आहे. थर्मामीटरपेक्षा ही खूण अधिक भरवशाची. रॅरिटन टाउनशिपला १९५४ साली ज्याचे नाव मिळाले, त्या एडिसनने येथील मेन्लो पार्कमध्ये १८७९ साली आपला दिवा सिद्ध केला. प्रकाशापेक्षा उष्णताच अधिक देणारा हा दिव्याचा प्रकार पिल्लांना उपयोगी पडला, परंतु भुशावर पडलेल्या उष्णतादिव्याने आगी लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. उबदार पट्टिकेची सोय त्याहून सुरक्षित.

प्रौढ कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते; कोरड्या खुराड्यात ती येथील थंडी सहज सोसते. घात होतो तो ओलाव्याने. उबेसाठी खुराडे घट्ट बंद केले की श्वास आणि विष्ठेची वाफ आत साचते आणि तुरे हिमदंशाने काळे पडतात. छताजवळ झरोके हवेतच. बसण्याच्या दांडीवर मात्र वाऱ्याचा झोत येऊ नये. वायंडॉट किंवा शँटेक्लेअर या बसक्या तुऱ्याच्या जाती येथे योग्य.

याहून अवघड प्रश्न नरांचा आहे. उबवलेल्या अंड्यांतून जवळपास निम्मे नर निघतात, आणि अनेक नगरपालिका कोंबडा पाळू देत नाहीत. कोंबड्या पाळण्याचे नियमही गावागणिक बदलतात. ते टाउनशिपकडून आधीच समजून घ्यावेत. कोंबडे कापणे ज्या घरात शक्य नाही, त्यांनी अंडी उबवण्याऐवजी मादी म्हणून निवडलेली एक दिवसाची पिल्ले घ्यावीत. ती टपालाने येतात. याच राज्यातील स्टॉकटन येथून १८९२ साली अशी पिल्ले रेल्वेने रवाना झाली होती आणि १९१८ पासून टपाल खाते ती स्वीकारते. पोटातील बलकाच्या आधारावर पिल्लू सुमारे ७२ तास अन्नपाण्याविना तग धरते, म्हणून हे शक्य होते. निवडीत चूक होऊन एखादा कोंबडा निघतोच, हे गृहीत धरावे.

बर्ड फ्लूची भीती मराठी वाचकाला नवी नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला उद्रेक झाला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अमेरिकेत २०२२ पासून हीच साथ वन्य पक्ष्यांमार्फत परसातील कळपांपर्यंत पोहोचली आहे. खाद्य व पाणी रानबदके आणि गीज यांच्यापासून झाकून ठेवावे, खुराड्याचे बूट वेगळे ठेवावेत, आणि पक्षी अचानक मरू लागल्यास राज्याच्या कृषी विभागाला कळवावे. साल्मोनेलाच्या धोक्यामुळे ५ वर्षांखालील मुलांच्या हाती पिल्ले देऊ नयेत.

डिसेंबरमध्ये तीन-चार आठवडे भारतात जाणाऱ्या कुटुंबांनी पिल्ले आणण्यापूर्वीच शेजाऱ्याशी बोलून ठेवावे. त्या दिवसांत पाणी गोठते. तापवणारे भांडे बसवले तरी रोज एकदा कोणीतरी खुराड्यापर्यंत जावेच लागते. गावी एखाद्या पोल्ट्रीत जाणे झाले असल्यास परततीच्या सीमाशुल्क तपासणीत तसे सांगावे, आणि तेथे वापरलेली पादत्राणे घेऊन परसात पाऊल टाकू नये.